अकरा महिन्यांचं घर

मुंबईत तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला माणूस आमच्या किनाऱ्यावर घर विकत घेतो तेव्हा तो ते माघात घेतो. माघात हवा कोरडी असते, विहीर भरलेली असते, वाडी नुकतीच शिंपलेली असते आणि समुद्र सभ्य माणसासारखा वागत असतो. गृहस्थ सकाळच्या बोटीने मांडव्याला उतरतात, गाडी करून येतात, दुपारी जेवतात, घराभोवती एक फेरी मारतात आणि दिवेलागणीच्या आत इसार देऊन मोकळे होतात. त्याच विहिरीचं पाणी वैशाखात मचूळ होतं हे त्यांना पुढल्या वैशाखात कळतं. घराची पश्चिमेची भिंत म्हणजे काय चीज असते, हे त्याच्याही नंतर, आषाढात कळतं. तोवर ते आसपासच्या लोकांना घरात पैसा कसा गुंतवावा याचे सल्ले देऊ लागलेले असतात.

माझे काका असे सल्ले देत. मुंबईच्या एका कोर्टात बेलिफांच्या हाताखाली त्यांनी कारकुनी केली होती. निवृत्त झाल्यावर नागावात, आमच्या मूळ गावी, त्यांनी दोन घरं घेतली, एक राहायला आणि एक भाड्याने द्यायला. दोन्ही एकाच वाडीत होती, मध्ये विहीर आणि रहाट. भाड्याचं घर समुद्राच्या बाजूला होतं. मुंबईची माणसं हवेसाठी येतात, त्यांना समुद्र हवा असतो, असा त्यांचा हिशेब. गावातल्या जुन्या माणसांनी आपली घरं समुद्राकडे पाठ करून, माडांच्या आड का बांधली असतील, हा प्रश्न त्यांना पडला नाही. त्यांना पडले ते सगळे प्रश्न कागदाचे होते.

ओट्यावर जमणाऱ्या निवृत्तांना ते सांगत, "घर घेताना भिंती काय बघता? भिंती कुणाच्याही असतात. भाडेचिठ्ठी बघा." मंडळी माना डोलावत. त्यातल्या एकानेही कधी विहिरीत पोहरा सोडून पाण्याची चव घेतल्याचं मला आठवत नाही.

त्या काळी, म्हणजे मिठाचा सत्याग्रह अजून व्हायचा होता तेव्हा, मी मुंबईच्या एका दैनिकात बातम्या लिहीत असे. विषमज्वरातून उठलो आणि डॉक्टरांनी वर्ष-दीड वर्ष मुंबईबाहेर राहायला सांगितलं म्हणून काकांकडे आलो. माझं अक्षर चांगलं होतं. काकांना माझा तेवढाच उपयोग होता आणि तो त्यांनी पुरेपूर करून घेतला.

काकांच्या सगळ्या ज्ञानाच्या मुळाशी एक भीती होती. महायुद्धानंतर मुंबईत भाड्यांवर कायदा आला, मालकांना भाडेकरू काढता येईनात. काकांच्या कोर्टात रोज असे मालक यायचे आणि रडायचे. काकांनी ती रड तीस रुपये पगारावर वर्षानुवर्षं ऐकली आणि निवृत्त होताना ती सामानाबरोबर बोटीत घालून आणली. भाडेकरू म्हणजे आज ना उद्या घर गिळणारा प्राणी, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यावर त्यांनी उपाय काढला होता. भाडेचिठ्ठी अकरा महिन्यांची. वर्ष भरलं तर कागद नोंदवावा लागतो, नोंदवला की भाडेकरूचा हक्क तयार होतो, म्हणून अकरा. इथवर ते इतर मालकांसारखेच होते. पुढचा भाग त्यांचा स्वतःचा होता. अकरावा महिना संपेल त्या दिवशी भाडेकरूने आपलं सगळं सामान बाहेर काढायचं. काका घरात शिरून प्रत्येक भिंतीला हात लावणार, पुढच्या आणि मागच्या दाराला कुलूप घालणार, दोन पंचांच्या सह्या घेणार. एक दिवस आणि एक रात्र घर मालकाच्या ताब्यात. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला कुलूप उघडून नवा कागद. भाडेकरूच्या हातावर एक नारळ.

हा प्रकार कायद्याच्या कुठल्या पुस्तकात होता, हे काकांना कुणी विचारलं नाही. ज्याने कोर्टात काम केलं त्याला कायदा येतो, असं आमच्या गावात धरून चालत. कोर्टाच्या दारातल्या पट्टेवाल्यालाही या न्यायाने कायदा यायला हवा.

भाडेकरू होता मिठाच्या नाक्यावरचा, म्हणजे सरकारी मीठकराच्या चौकीतला, एक कारकून. बत्तीस-तेहतीसचा, चष्मा लावणारा, सरकारी नोकरीत असल्यामुळे कुणाही वयस्कर माणसापुढे आपोआप वाकणारा. घरात त्याची आई आणि बायको. पहिलं मूल वर्षाचं होऊन गेलं होतं. नाक्याजवळच्या सरकारी खोल्या दलदलीत होत्या, तिथेच ते तापाने गेलं. म्हणून त्याने काकांचं घर घेतलं. ऐपतीबाहेरचं होतं, पण कोरडं होतं. निदान त्याने ते दिवाळीनंतर पाहिलं तेव्हा कोरडं होतं.

आता काकांच्या शहाणपणाची गंमत पाहावी. पहिली भाडेचिठ्ठी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेची. ती सप्टेंबरअखेर संपली. कुलूप लागलं, सामान एक रात्र ओट्यावर राहिलं, माणसं देवळाच्या धर्मशाळेत झोपली. पाऊस सरला होता, कुणाचं काही बिघडलं नाही. दुसरी चिठ्ठी ऑक्टोबरपासून, म्हणून ती ऑगस्टअखेर संपली. त्या दिवशी दोन सरी आल्या, एक गादी भिजली. तिसरी सप्टेंबरपासून, संपणार जुलैअखेर. दर साली तारीख एक महिना मागे सरकत होती आणि पावसाळ्यात मागच्या दाराने शिरत होती. शाळेतल्या पोरालाही ही वजाबाकी आली असती. काकांनी ती केलीच नाही. त्यांचं लक्ष अकराकडे होतं.

कारकुनाने ती केली होती. आदल्या साली त्याने भीतभीत सुचवलंही होतं, "काका, एक चिठ्ठी सात महिन्यांची करू. म्हणजे पुढच्या सगळ्या थोडी वर्षं कोरड्या महिन्यांतच संपतील."

काका म्हणाले, "सात कशाला? अकरा चालतात ना?"

"चालतात."

"मग झालं."

त्यावर कारकून गप्प बसला. गप्प बसणं हा त्याच्या नोकरीचा भाग होता आणि तो त्यात तरबेज होता.

जुलैच्या चौथ्या आठवड्यात त्याची बायको बाळंत झाली. मुलगा झाला. सुईण कोळीवाड्यातली होती, पन्नाशीची, काटक, बोलण्यात कुणाची भीड न धरणारी. तिने पहिल्याच दिवशी घरच्यांना बजावलं की बाळंतपण जड गेलंय, पोरीच्या अंगात रक्त उरलेलं नाही, सव्वा महिना तिला खोलीतून हलवू नका आणि वारं लागू देऊ नका. ती रोज सकाळी यायची, तेल लावायची, शेगडीवर शेक द्यायची आणि जाताना विहिरीवर काकूंशी दोन शब्द बोलून जायची. कुलपाचा दिवस बाळाच्या नवव्या दिवशी येत होता, हे काकूंनीच तिला सांगितलं. तिला ते खरं वाटलं नाही.

काका त्याआधी अलिबागला एका वकिलांकडे जाऊन आले होते. मलाही बरोबर नेलं होतं. वकील पानाला चुना लावत ऐकत होते.

"कुलूप कुणी सांगितलं तुम्हाला?"

"अहो, ताबा तुटायला नको?"

"कसला ताबा? तो कायदा मुंबईचा. इथे नव्हताच कधी. तुमच्या माणसाला पंधरा दिवसांची नोटीस द्या, जाईल तो." मग पान तोंडात घालून म्हणाले, "तो मिठातला ना? नोटीसही लागायची नाही. डोळे वटारा."

परतताना गाडीत काका म्हणाले, "पोरगा आहे अजून. मुंबईचं कोर्ट पाहिलेलं नाही त्यानं." एवढ्यावर कायद्याचा प्रश्न मिटला.

कारकून आईला घेऊन आला तो एकतीस तारखेच्या आदल्या संध्याकाळी. पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. विहिरीचं पाणी हाताला लागत होतं. दोघंही उंबऱ्याबाहेर उभे राहिले, कारण त्यांच्या घरात सोयर होतं आणि काका सोवळ्याचे कडक.

कारकून म्हणाला, "काका, चार दिवस थांबावं. बारसं झालं की—"

"तारीख मी ठरवली का? कागदानं ठरवली."

"कागद तुम्हीच लिहिलाय," आई म्हणाली.

"पुतण्यानं लिहिलाय. मी सांगितला." काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "सही तुमच्या चिरंजीवांची आहे."

"ओली बाळंतीण बाहेर काढू पावसात?"

"मी काढा म्हणत नाही. घर रिकामं करा म्हणतो. धर्मशाळा आहे."

"धर्मशाळेत गुडघाभर पाणी आहे. गावातले बकरे नेऊन बांधलेत तिथे."

काकांनी कारकुनाकडे पाहिलं. "परवान्याची मुदत संपल्यावर तुम्ही नाक्यावरून आणखी चोवीस तास कुणाला मीठ नेऊ देता का?"

कारकून म्हणाला, "नाही."

हे उत्तर ऐकून आईने मुलाकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी पुढे पुष्कळ वर्षं पत्रकारितेत उपयोगी पडेल असं समजून लक्षात ठेवली. उपयोगी पडली नाही. त्या प्रकारची माणसं बातमीत येत नाहीत.

सकाळी सामान निघालं. काकांचा नियम होता की घरात भाडेकरूची काडी राहता कामा नये, आणि कारकून नियम पाळणारा माणूस. त्याने भांडी काढली, डबे काढले, गाद्या, फडताळ, पाट काढले. माळ्यावरची सुकी लाकडं आणि गोवऱ्यासुद्धा ओट्यावर आणून रचल्या. पाण्याची पिंपं ओतून बाहेर ठेवली. वाडीत काम करणारा आगरी गडी त्याला मदत करत होता. दोन तासांत घरात फक्त एक खोली उरली. तिच्यात बाज, बाजेवर बाळंतीण आणि मूल, बाजेखाली शेगडी, आणि दाराशी सासू.

काका छत्री धरून अंगणात उभे होते. आत जाता येत नव्हतं. सोयराच्या घरातल्या भिंतीला हात लावला तर स्नान, पुन्हा जानवं बदलणं, आणि भिंतीला हात लावला नाही तर ताबा नाही. शास्त्र आणि कायदा या दोहोंमध्ये सापडलेला माणूस मी प्रथमच पाहत होतो. दोन्ही त्याने स्वतःच तयार केली होती.

"बाज उचलून ओट्यावर आणा," त्यांनी गड्याला सांगितलं.

गड्याने डोक्यावरचं पानांचं इरलं सारखं केलं. "काका, मी नारल पाडतो, रहाट हाकतो. बाळंतीन उचलनं माझ्या कामात न्हाय."

"मग कोण उचलणार?"

"तुम्हीच उचला," आतून सासू म्हणाली. "ताबा तुम्हाला हवा आहे. एक बाजू तुम्ही धरा, एक मी धरते."

पंच म्हणून बोलावलेले दोघे शेजारी दुसरीकडे बघू लागले. काका खिडकीशी गेले, गजांतून आत पाहिलं, मागे फिरले. तिथे त्यांना तो मार्ग सुचला. पुढे अनेक वर्षं ते तो अभिमानाने सांगत.

"ठीक आहे. माणसं आत राहू देत. सामान नाही म्हणजे वहिवाट नाही. माणूस काय, पाहुणाही आत असतो. घर मी खिडकीतून पाहिलं, ताब्यात घेतलं."

आणि त्यांनी पुढच्या दाराला कुलूप लावलं. मग वळसा घालून मागच्या दाराला लावलं. चाव्या जानव्याला बांधल्या. सासूने विरोध केला नाही. बाहेरच्या पावसापेक्षा आतलं कुलूप बरं, एवढा विचार तिने केला असावा, आणि तेवढ्यापुरता तो बरोबर होता. पंचनामा मी लिहिला. "घर रिकामे असल्याचे पाहून" असं काकांनी सांगितलं, तसं लिहिलं. पंचांनी सह्या केल्या. कारकून ओट्यावर आपल्या फडताळाला टेकून बसला आणि नारळाच्या झापांखाली आपल्या गाद्या भिजू नयेत म्हणून धडपडू लागला.

चूक तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही, ती दहाच्या सुमारास सासूच्या लक्षात आली. तिने खिडकीतून मुलाला हाक मारली.

"अरे, शेगडीला गोवऱ्या दे."

गोवऱ्या ओट्यावर होत्या. खिडकीचे गज चार बोटांच्या अंतरावर होते. कारकुनाने एक गोवरी तोडून तुकडे आत सरकवले. ते पावसाच्या माऱ्यात भिजून गेले. खिडकी पश्चिमेची होती. पाण्याचा तांब्या गजांतून जाईना. घरात नऊ दिवसांची बाळंतीण, नऊ दिवसांचं मूल, विस्तव नाही, गरम पाणी नाही, पांघरायला एक गोधडी. पश्चिमेच्या भिंतीला त्या साली काकांनी झडी बांधली नव्हती. माडाच्या झावळ्यांच्या झडीने पावसाचा मारा भिंतीवर येत नाही, हे इथल्या पोरालाही माहीत असतं. पण झडी मालकाने बांधायची की भाडेकरूने, हे चिठ्ठीत नव्हतं. चिठ्ठीत नाही ते काकांच्या जगात नव्हतंच. भिंत आतून पाझरत होती.

दुपारी सासू पुन्हा खिडकीशी आली. या वेळी तिने मुलाला हाक मारली नाही. काकांच्या घराकडे तोंड करून म्हणाली, "पोरगी थंडीनं कुडकुडतेय. अंग तापलंय."

काका जेवत होते. त्यांनी ऐकलं. आमच्या घरापर्यंत ऐकू येत होतं, याबद्दल शंका नको. काकूंनी ताटात भात वाढता वाढता हात थांबवला. काका म्हणाले, "उद्या सकाळी उघडतोच आहे." मग थोड्या वेळाने, "आत्ता उघडलं तर पंचनामा खोटा ठरेल."

मी तेव्हा काय बोललो, हे विचारण्याजोगं आहे. मी ताक वाढून घेतलं.

सुईण त्या दिवशी उशिरा आली. ओहोळाला पाणी चढलं होतं, म्हणून कोळीवाड्याहून ती लांबच्या वाटेने आली. कमरेपर्यंत भिजलेली. तिने दाराचं कुलूप पाहिलं, ओट्यावरचा संसार पाहिला, फडताळाशी बसलेला बाप पाहिला.

"काय र, घर सोडलंस का?"

कारकुनाने सांगितलं. ती सगळं ऐकून घेऊन सरळ आमच्या ओट्याशी आली. काका आरामखुर्चीत होते.

"काका, चावी दे."

"उद्या."

"पोरीला शेक देवाचा हाय. उद्या शेकून काय करू? तवा दुसरंच कायतरी शेकाया लागल."

"नियम आहे बाई. एक दिवसाचा प्रश्न आहे."

"मासली उन्हात टाकली तरी कोली तिला पावसात इसरत न्हाय, काका. ही मानसं हाईत. तुझ्या बायकोची तीन बालंतपनं माझ्या आयशीनं केलीत. तुझ्या आयशीची माझ्या आजीनं केलीत. तवा तुझ्या बापानं कुलूप लावलं असतं तं आज चिठ्ठी लिवाया तू नसतास."

काका म्हणाले, "उगाच तोंड चालवू नकोस." चाव्या त्यांच्या हातात आल्या नाहीत.

ती वळली आणि गड्याला म्हणाली, "शिडी आन."

गडी दर वर्षी त्या घराची कौलं चाळत असे. नळीची कौलं कुठे सैल, कुठला वासा कुजका, स्वयंपाकघराच्या पडवीचं छप्पर किती खाली आलंय, हे त्याला पाठ होतं. बाज उचलणं त्याच्या कामात नव्हतं. कौलं उतरवणं होतं. त्याने मागे शिडी लावली, पावसात वर चढला आणि पडवीची कौलं एकेक करून उचलून बाजूला रचू लागला. मग कोयत्याने कौलांखालच्या दोन रिपा सोडवल्या.

काका छत्री घेऊन धावत आले. "अरे, रिपा सागाच्या आहेत त्या."

"तोडत न्हाय काका. सोडवतोय. उद्या लावतो परत."

"कौलं फुटतील."

"फुटली तर मजुरीतनं काप."

सुईण शिडीवरून वर गेली, छपराच्या भोकातून आत उतरली. गड्याने तिच्यामागून सुकी लाकडं घमेल्यात घालून, वर इरलं धरून, दोरीने सोडली. मग गोवऱ्या, मग निखाऱ्यांचं मडकं. ते काकूंनी आमच्या चुलीतून भरून दिलं होतं, काकांना न विचारता, त्यांच्या लग्नात बहुधा पहिल्यांदाच. मग पाण्याचा हंडा. त्यानंतर गड्याने भोकावर झाप टाकले आणि शिडीखाली येऊन विडी पेटवायचा प्रयत्न करत बसला. पेटली नाही.

थोड्या वेळाने खिडकीतून धूर बाहेर आला. सुईण रात्रभर आतच राहिली. कारकून रडत होता. चष्मा पुसण्याचं निमित्त करून रडत होता, हे त्यातल्या त्यात ठीक. काका अंगणात फिरून दोन्ही दारांपर्यंत जाऊन आले. मला म्हणाले, "लिहून घे. दोन्ही कुलपं शाबूत आहेत."

मी लिहून घेतलं.

सकाळी सूर्योदयाला, म्हणजे सूर्य नव्हताच, पण पंचांगातल्या वेळेला, काकांनी कुलपं उघडली आणि तडक विहिरीवर जाऊन अंघोळ केली. नवा कागद तयार होता. कारकुनाने ओट्यावर, ओल्या फडताळावर कागद ठेवून सही केली. पुन्हा अकरा महिने. त्या पावसात दुसरं घर कुठे मिळणार होतं, हे त्याचं म्हणणं खरं होतं. नारळही त्याने घेतला. बायकोचा ताप आठ दिवस राहिला. सुईण दिवसातून दोनदा यायची, अलिबागहून डॉक्टरही एकदा आणवला. दोन दिवस तिची आशा नव्हती. मग ताप उतरला. मूल टिकलं. काका ज्याला त्याला सांगत, "बघा, काही झालं का?"

या धंद्यात पडू पाहणाऱ्यांना मला त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात जे दिसलं ते थोडक्यात सांगतो. घर बघायचं तर आषाढात बघावं, पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावून. पाणी बघायचं तर वैशाखात, जिभेवर. झडी कोण बांधणार आणि कौलं कोण चाळणार, हे आधी तोंडाने ठरवावं आणि मग कागदावर आणावं. आणि ज्याला माणूस आत राहायला आला की झोप लागत नाही, त्याने घरात पैसा घालू नये. त्याने तो पोस्टात ठेवावा. हे मी काकांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला माझं पोस्टात किती आहे ते विचारलं असतं, आणि ते काहीच नव्हतं.

सव्वा महिना झाला त्या दिवशी बाळंतीण उठली, न्हायली, मुलाला उराशी घेतलं आणि चालत कोळीवाड्यात गेली. सासू मागून गाठोडं घेऊन. सुईणीच्या घराला लागून एक खोली होती, जाळी ठेवायची. ती तिने रिकामी करून दिली. चिठ्ठी नाही, तारीख नाही. भाडं विचारल्यावर सुईण म्हणाली, "दे काय देवाचं ते. छप्पर गललं तं दोघींनी मिलून झाकू." गावात बोलणं झालं. नाक्यावर जास्त झालं. कारकुनाने दोन दिवस एकट्याने काकांच्या घरात काढले, हाताने भात करपवला आणि तिसऱ्या दिवशी फडताळ गाडीत घालून बायकोमागे गेला. त्याने ते धैर्याने केलं असं मी म्हणणार नाही. त्याला भात करता येत नव्हता.

घर रिकामं पडलं. गणपतीनंतर बोटी सुरू झाल्या, मुंबईची माणसं हवा खायला येऊ लागली, पण गाडीवाले त्यांना काकांच्या घरावरून नेताना गोष्ट सांगत. एकाने तर काकांच्या देखत सांगितली. एक कुटुंब घर बघायला आलं, बाईने पहिलाच प्रश्न विचारला, "छपरातून आत जायचं ते हेच का?" ते गेले.

तेव्हा काकांनी मला कोळीवाड्यात पाठवलं. निरोप असा, की मागचं सगळं विसरावं, परत यावं, भाडं थोडं कमी करू, आणि यंदा कुलपाचा आग्रह धरणार नाही.

खोली लहान होती. सुक्या बोंबलांचा वास होता, एका कोपऱ्यात अजून जाळ्यांचे गोळे होते आणि छप्पर एका जागी गळल्याची खूण भिंतीवर होती. मुलगा बाजेवर झोपला होता. अंगाने भरला होता. कारकून नाक्यावर गेलेला. त्याची बायको चुलीपुढे बसली होती. तिला बोलताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. त्या घरात तिच्या वतीने नेहमी दुसरंच कुणीतरी बोलत आलं होतं. मी निरोप सांगितला. तिने भाकरी उलटली.

"त्यांना म्हणावं, घर छान आहे," ती म्हणाली. "आता रोज कुलूप लावा."

मी परत आलो आणि तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. बातमीत एक शब्द इकडचा तिकडे करू नये, हे मला शिकवलेलं होतं. काका सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, अडकित्ता खाली ठेवला आणि विहिरीपलीकडच्या त्या घराकडे पाहिलं.

"आणखी किती कमी केलं तर येतील," त्यांनी विचारलं, "काही बोलली का?"